खाली माणूस आहे

त्या वर्षी खाडीच्या तोंडाशी गाळ बसला आणि शिंपल्यांच्या जुन्या जागा एकामागून एक चिखलाखाली गेल्या. आधी काठाजवळची गेली, मग बेटाजवळची. शेवटी उरली ती वळणावरची. तिथे पाणी दोन पुरुष खोल होतं, आणि तिथूनच दिवसातून आठ वेळा लाँच जायची. लाँचलाही आता दुसरी वाट राहिली नव्हती.

नवऱ्याने तिथे बांबू रोवला तेव्हा ती म्हणाली, "लाँचच्या तोंडात बसतोय आपण."

"मग कुठे बसू? तुझ्या डोक्यावर?"

त्याला सगळे पाणकावळा म्हणत. काळा, हडकुळा, मान लांब. पाण्यातून वर आला की होडीत उभं राहून दोन्ही हात पसरून अंग वाळवायचा, त्यावरून ते नाव पडलं होतं. कंबरेला दगड बांधून बांबूच्या आधाराने तो तळाशी जाई आणि मेलेल्या शिंपल्यांनी पाटी भरी. ती वर दोर धरून बसे. दोराला एक हिसका म्हणजे पाटी भरली, ओढ. दोन हिसके म्हणजे मी वर येतोय. तिने वरून हिसका दिला तर त्याचा अर्थ एकच, वर ये. शिंपल्या चुन्याच्या भट्टीवर जात. भट्टीवाल्याला रोज चाळीस पाट्या लागत. चार दिवस कमी पडल्या की तो दुसरी होडी बघे. काठावर तिला दोरवाली म्हणत. बारा वर्षं दोर ओढून तिच्या दोन्ही तळहातांवरच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या. ज्योतिषाची फी वाचली, असं नवरा म्हणायचा.

होडीच्या काठीवर लाल फडकं असलं की खाली माणूस आहे, हे खाडीवर सगळ्यांना ठाऊक होतं. इंजिनवाल्याने होडीच्या दोन दोरांइतकं अलीकडेच इंजिन बंद करायचं आणि आलेल्या जोरावर गुपचूप सरकत पुढे जायचं. दोरवालीने हात वर करायचा. होडी ओलांडली की पुन्हा इंजिन चालू. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो मोडल्याची तक्रारही कुठे करता येत नव्हती.

लाट काय करते ते वरून कळत नाही. वर फक्त होडी नाचते. पण होडी बांबूला बांधलेली असते. ती नाचली की बांबू मुळापासून हलतो, तळाचा चिखल उठतो आणि खालच्या माणसाच्या डोळ्यांसमोर रात्र होते. तो श्वासासाठी वर निघतो आणि त्याच वेळी होडीचा तळ त्याच्या डोक्यावर येतो.

लाँच चालवणाऱ्याला हे दुसऱ्या कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. तो तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. याच होडीतून त्याने पाच वर्षं बुड्या मारल्या होत्या. डाव्या कानाचा पडदा फाटला तेव्हा पाणकावळ्यानेच त्याला लाँचमालकाकडे नेलं होतं. "पोरगा पाणी ओळखतो," असं तिथे सांगितलं होतं.

पहिला महिनाभर धाकट्याने इंजिन बंद केलं. मग नुसतंच कमी करायला लागला. मग एका सोमवारी त्याने कमीसुद्धा केलं नाही.

ती साठापर्यंत मोजत आली होती. नवरा पूर्वी शंभरापर्यंत खाली राहायचा, आता ऐंशीला दम टाकायचा. लाँच वळणावर दिसली तशी तिने फडकं काठीसकट उचलून हलवलं. लाँच आली तशीच गेली. कठड्याला टेकलेल्या कुणीतरी हात हलवून उत्तर दिलं. त्याला वाटलं, बाई टाटा करतेय. पहिल्या लाटेला होडी बांबूवर आदळली, दुसरीला भरलेल्या नऊ पाट्यांमधल्या चार पाण्यात गेल्या. दोर तिच्या हातातून सरसर सुटला. तिने तो पायाच्या अंगठ्याने दाबून धरला. नवरा वर आला तो होडीच्या भलत्याच बाजूला. कपाळ केसांपर्यंत उकललं होतं. काठ धरून तो बराच वेळ नुसता खोकत राहिला.

"पाट्या किती गेल्या?" त्याने विचारलं.

"चार."

"दोन तासांचं काम," तो म्हणाला, आणि रक्त पुसून पुन्हा खाली गेला.

घरी सासू शिंपल्या धूत बसली होती. तिने मुलाचं कपाळ पाहिलं, हात पुसले, जखमेत हळद दाबली आणि सुनेकडे न बघता म्हणाली, "माहेरचा आहेर आला वाटतं."

"त्याला दिसलं नसेल."

"दिसलं नसेल! पाच वर्षं आमच्या ताटात जेवला, तेव्हा ताट बरं दिसत होतं."

नवरा आडवा होताना तेवढं म्हणाला, "तू त्याच्या पाया पडायला जाऊ नकोस. सांगून ठेवतो."

ती दुसऱ्याच दिवशी गेली. भांडी घासायला माती आणते म्हणाली आणि पहिल्या फेरीच्या आधी धक्क्यावर पोहोचली.

लाँच भरत होती. पलीकडच्या काठावरच्या कारखान्यात जाणारी माणसं डबे सांभाळत फळीवरून चढत होती. लाँचमालक तिकीटखिडकीबाहेर खुर्ची टाकून बसला होता. गुबगुबीत, हसरा माणूस. त्याचा आवाज चढलेला कधी कुणी ऐकला नव्हता. धाकटा इंजिनाच्या खोलीतून डोकं काढून तिला पाहताच पुन्हा आत गेला.

तिने मालकाला सांगितलं. कपाळाचं सांगितलं, चार पाट्यांचं सांगितलं. पूर्वी सगळे इंजिन बंद करत, हेही सांगितलं.

"पूर्वी पलीकडे कारखाना नव्हता," मालक गोड आवाजात म्हणाला. "बरं, तुमच्या वळणावर थांबलो तर किती वेळ जाईल?"

"पाच मिनिटं. तेवढीही नाही."

"पाच मिनिटं." त्याने मान हलवली, खुर्चीवरून उठला आणि तिच्या दंडाला हलकेच धरून तिला फळीच्या टोकाशी उभं केलं. "हे बघा, लाँच माझी असली तरी वेळ या लोकांची आहे. त्यांनाच विचारू. अहो, ऐका जरा! या बाईंचे यजमान वळणावर बुडी मारतात. आपण तिथे इंजिन बंद करावं असं त्यांचं म्हणणं आहे. पाच मिनिटं उशीर होईल. ज्यांना चालेल त्यांनी हात वर करा."

साठेक माणसं तिच्याकडे बघत होती. तिच्या पायांना अजून चिखल होता. पदराला शिंपल्यांचा वास येत होता, तो पहिल्यांदाच तिचा तिलाच जाणवला.

"भोंगा झाल्यावर पाच मिनिटांनी गेलं की अर्धा दिवस कापतात," एक जण म्हणाला. तो कोणाकडेही बघत नव्हता.

"बुडी मारायला दुसरी जागा नाही का?"

"दुपारी मारा की. सकाळीच कशाला?"

"लाँच गेल्यावर बुडायचं, सोपं आहे," मागून कुणीतरी म्हणालं आणि बरेच जण हसले.

एका म्हातारीने हात अर्धा वर केला होता. शेजारच्या मुलीने तो धरून खाली घेतला. "आजी, तुला कुठे कामाला जायचंय!"

"बघितलंत?" मालक म्हणाला. "माझ्या हातात काही नाही." मग त्याने इंजिनाच्या खोलीकडे तोंड करून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "कुठेही बंद करायचं नाही. ऐकलंस ना रे? बहीण असो नाहीतर बायको."

"ऐकलं," आतून आवाज आला.

ती धक्क्याच्या मागच्या बाजूने निघाली. तिथे डिझेलचे डबे रचलेले होते. धाकटा एक रिकामा डबा हातात घेऊन तिच्या आधीच तिथे पोहोचला होता.

"सगळ्यांसमोर कशाला आलीस, ताई?"

"एकट्यात तू भेटतोस कुठे? फडकं दिसलं नाही तुला?"

"दिसतं. भाऊजी जेवताना पण फडकं वरच असतं, तेही दिसतं. मागच्या आठवड्यात दोनदा मी बंद केलं आणि भाऊजी होडीत बसून भाकरी खात होते. वर मला हसले."

हे खरं होतं. फडकं दिवसभर राहू दे, असं नवराच म्हणायचा; साहेबाला जरा थांबू दे.

"आणि दुसरी गोष्ट," धाकटा म्हणाला, "इंजिन बंद केलं की सुकाणू ऐकत नाही. पूर्वी वळण रुंद होतं, लाँच जाईल तिकडे जाऊ दे म्हणायचं. आता दोन्हीकडे गाळ आहे. भर ओहोटीला नुसतं ओंडक्यासारखं वाहतं ते धूड. हळू चालवलेलं बरं, पण बंद नको."

"तू हळू चालवलंस तेव्हाही बांबू हललाच होता."

"ताई, ऐक—"

"कपाळावर बोटभर फाटलंय त्यांचं. तुला कारणं सुचतायत. तुझा कान फुटला तेव्हा रात्रभर मांडीवर डोकं घेऊन मी बसले होते, की तुझा मालक?"

धाकट्याने डब्याचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"फडकं माणूस खाली असतानाच लावशील?"

"लावीन."

"जा तू. करतो बंद. पण हे तुझ्या-माझ्यात."

"करणार ना नक्की?"

"म्हटलं ना करतो."

तीन दिवस त्याने इंजिन बंद केलं. तीही शब्दाला जागली. नवरा वर आला की फडकं उतरवायची. तो विचारायचा, "हे काय नवीन?" ती म्हणायची, "उन्हाने रंग उडतोय." लाँच शेजारून सरकत जायची, इतकी हळू की कठड्यावरच्या माणसांची कुजबुज ऐकू यायची. ती हात वर करायची. धाकटा समोर बघून हनुवटी इंचभर हलवायचा. त्या तीन दिवसांत चाळीसच्या जागी पंचेचाळीस पाट्या झाल्या. दोन वेळा लाँच उशिरा पोहोचली. त्याने मालकाला सांगितलं, इंजिन खोकतंय.

चौथ्या दिवशी अमावस्येची ओहोटी होती. पाणी पायाखालची चटई ओढावी तसं समुद्राकडे निघालं होतं. बांबूभोवती फेसाची शेपटी दिसत होती. नवऱ्याने पाण्याकडे बघितलं, थुंकला आणि म्हणाला, "सकाळी पंधरा काढू, मग बघू."

लाँच वळणावर आली तेव्हा ती तिसाला होती. इंजिन बंद झालं. तिने हात वर केला.

हात वर असतानाच तिला लाँचचं तोंड वळताना दिसलं. आधी वाटलं, तो मुद्दाम लांबून नेतोय. मग लाँच पूर्ण आडवी झाली. पाण्याने तिची शेपूट उचलून पुढे आणली आणि ती सबंध लांबीने होडीवर यायला लागली. आवाज कसलाच नव्हता. धाकटा सुकाणू गरागरा फिरवत होता आणि सुकाणू रिकाम्या चरख्यासारखं फिरत होतं.

"चालू कर!" ती ओरडली.

त्याचा हात इंजिनाच्या कळीवर होता. तो तिच्याकडे बघत होता. पंखा फिरला असता तर लाँच सुटली असती, आणि पंख्याखाली माणूस होता. कुठे होता ते तिलाही माहीत नव्हतं. तिने लगेच दुसऱ्यांदा ओरडून सांगितलं, "नको! नको चालू करू!"

चाळीस. पंचेचाळीस. दोर तिच्या हातात होता. खालीच थांब, असा हिसका त्यांच्यात कधी ठरलाच नव्हता. बारा वर्षांत तशी गरज पडली नव्हती. तिने दोर अगदी सैल सोडला, श्वास लागला तरी तो चुकून ओढला जाऊ नये म्हणून. धाकटा कठड्यावर बसून दोन्ही पायांनी होडी लोटायला बघत होता. दोन प्रवासी त्याची कंबर धरून होते.

वरचा उजेड गेलेला पाहून की काय, नवरा पन्नासालाच निघाला. आधी त्याचा उजवा हात वर आला आणि सवयीने होडीच्या काठावर पडला. त्याच वेळी लाँच टेकली.

आदळली नाही, टेकली. हळूच, पूर्ण वजनाने. ओला बांबू चिरडावा तसा आवाज झाला. मग नवऱ्याचं डोकं वर आलं, तोंड उघडं. काय झालंय ते त्याला अजून कळलं नव्हतं, कारण तो आधी श्वास घेत होता.

लाँचवर सगळे एकदम बोलायला लागले. त्या गलक्यात एक आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. "गेला आज अर्धा दिवस."

दवाखान्यात पंजा मनगटापासून काढला. तिसऱ्या दिवशी लाँचमालक आला. व्हरांड्यातल्या बाकावर सासू, ती, आणि जिन्याच्या पायरीवर धाकटा, असे बसले होते. धाकटा तीन दिवस तिथेच होता. सासूने त्याला एकदाही पाणी विचारलं नव्हतं.

मालकाने आधी जखमीची चौकशी केली. मग रुमालाने बाक पुसून सासूच्या शेजारी बसला.

"मी याला नाही म्हटलं होतं. सगळ्या लाँचसमोर. साक्षीला साठ माणसं आहेत." तो धाकट्याकडे न बघता बोलत होता. "तरी याने इंजिन बंद केलं. आता का केलं, एवढाच प्रश्न आहे. स्वतःच्या डोक्याने केलं असेल, तर चूक माझ्या माणसाची. मी अंग झटकणार नाही. दवाखाना माझ्याकडे. आणि आमच्या खिडकीवरचा म्हातारा तसाही सोडतोय, तिथे यांना बसवतो. तिकिटं एका हाताने फाडता येतात."

सासूने पदर सावरला.

"पण तो म्हणतो, बहिणीने सांगितलं म्हणून केलं. तसं असेल तर विषय संपला. तुम्ही सांगितलंत, तुम्ही भोगलंत. मी काय करणार?" तो दोरवालीकडे वळला. अतिशय आपुलकीने म्हणाला, "बोला, ताई. घाई नाही."

तिला ताई म्हणणारा खाडीवर आजवर एकच जण होता. तो पायरीवरून उठला.

"ताई, सांग ना. डब्यांच्या मागे. मी म्हटलं बंद केलं की ऐकत नाही, तू म्हणालीस—"

आत नवऱ्याला शुद्ध येत होती. तो नसलेल्या बोटांनी चादर चाचपत असावा, खाटेचा पाय फरशीवर वाजत होता. सासूने सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला. लग्न होऊन बारा वर्षं झाली होती; सासूने आपणहून हात लावल्याची ही पहिलीच वेळ होती.

"धक्क्यावर सगळ्यांसमोर तुम्ही नाही म्हणालात, मी घरी आले," ती म्हणाली. "त्यानंतर माझं याच्याशी बोलणं नाही."

"नीट आठव, ताई."

"नीट आठवतंय."

जिना उतरताना धाकट्याने कठडा धरला होता, म्हाताऱ्यासारखा.

मालकाने शब्द पाळला. पावसाआधीच पाणकावळा खिडकीवर बसायला लागला. तिकिटाची चवड कोपराखाली दाबून डाव्या हाताने फाडायचा. महिनाभरात हात बसला. लाँचवर नवा ड्रायव्हर आला होता, तो एखाद्या म्हातारीसाठी थांबला तर पाणकावळाच खिडकीतून ओरडायचा, "सोड रे! भोंगा काय तुझ्यासाठी थांबणारे?" लोकांना ते आवडायचं. घरी आला की मेव्हण्याचा विषय निघायचा. "शहाणपणा नडला त्याला," तो म्हणायचा. "सांगितलेलं ऐकायचं नाही." ती भाकरी थापत राहायची.

धाकट्याच्या हाती इंजिन द्यायला खाडीवर कुणी तयार नव्हतं. दोन महिने तो जाळी विणणाऱ्याकडे गाठी मारत होता, तिथूनही सुटला. इकडे भट्टीवाल्याचा निरोप येऊन गेला होता, होडी चालवायची तर बुडी मारणारा शोधा, नाहीतर जागा सोडा.

एका सकाळी ती होडी सोडत होती तेव्हा तो काठावर उभा होता. कंबरेला दगड बांधूनच आला होता.

"भट्टीवाल्याने पाठवलंय," तो म्हणाला. होडीशी बोलल्यासारखा.

तो टोकाला बसला, तिच्याकडे पाठ करून. वळणावर पोहोचल्यावर ती म्हणाली, "कानात बोळा घालशील ना?" त्याने बांबू धरला आणि खाली गेला.

तिने फडकं लावलं. मोजायला लागली. तो चाळीसालाच वर आला, पाटी अर्धी. पुन्हा गेला. पुन्हा चाळीस. सवय गेली होती. चौथ्या बुडीला लाँच वळणावर आली. तिने फडकं हलवलं नाही, ओरडलीही नाही. नवा ड्रायव्हर पोरसवदा होता, त्याला खाडीवर कुणी काही शिकवलं नव्हतं. लाँच पूर्ण जोरात शेजारून गेली. होडी उडाली, बांबूवर आदळली, पुन्हा उडाली. बांबू तिच्या डोळ्यांसमोर थरथरत होता. दोर सरसरला, तिने दोन्ही पायांनी दाबून धरला.

तो वर आला. नाकातोंडात चिखल होता. काठ धरून त्याने खूप वेळ श्वास घेतला. त्याच्या कानातून एक पातळ लाल रेघ मानेवर उतरत होती. ती वाकली, पदराने पुसायला हात पुढे केला.

"लागलं का रे?"

तो डोकं मागे घेऊन बाजूला सरकला.

"पाटी खाली सोडा, बाई," तो म्हणाला.

तिने पाटी सोडली.